जिवाणूंचा हायड्रोजन आणि मार्जरी स्टीफन्सन

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बरवेल गावी, एका शेतकरी कुटुंबात २४ जानेवारी १८८५ रोजी मार्जरी स्टीफन्सन यांचा जन्म झाला. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, पण केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजातील शिक्षणानंतर पैशांअभावी ते राहून गेले. काही वर्षे त्यांनी गृहविज्ञान शिकवले. पुढे १९११मध्ये त्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधनाकडे वळल्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी रेड क्रॉसचे काम केले आणि १९१९मध्ये त्या केंब्रिजला फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्याकडे जीवरसायनशास्त्राच्या संशोधनासाठी आल्या.

जिवाणू म्हटले की तेव्हा बहुतेकांना रोगच आठवे. स्टीफन्सन यांना मात्र हा एकपेशीय जीव जगतो कसा, हे समजून घ्यायचे होते. त्या वाढलेले जिवाणू धुऊन घेत आणि त्यांना एकच पदार्थ देऊन पेशी त्याचे काय करते ते मोजत. साखर कारखान्याच्या सांडपाण्याने दूषित झालेल्या ऊझ नदीतून वायूचे बुडबुडे येत होते. त्या गाळातील जिवाणूंचा अभ्यास करताना स्टीफन्सन आणि लेनर्ड स्टिकलंड यांना हायड्रोजन हाताळणारे विकर सापडले. १९३१मध्ये त्यांनी त्याला ‘हायड्रोजनेज’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी फॉर्मिक आम्लापासून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करणाऱ्या विकराचे वर्णन केले.

जिवाणूला याचा फायदा काय? आपल्या आतड्यातील ई. कोलायसारख्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळाला नाही, की ते साखर आंबवून ऊर्जा मिळवतात. त्यातून आम्ले तयार होतात आणि ती साचत गेली तर पेशीच्याच जिवावर उठतात. फॉर्मिक आम्लाचे वायूंत रूपांतर झाले की आम्लता कमी होते. म्हणजे बाहेर पडणारा हायड्रोजन हा पेशीच्या बचावाचाच एक भाग असतो.

रॉयल सोसायटीने १९४५मध्ये प्रथमच महिलांना फेलो म्हणून निवडले. त्या दोघींपैकी एक स्टीफन्सन होत्या, दुसऱ्या कॅथलीन लॉन्सडेल. १२ डिसेंबर १९४८ रोजी स्टीफन्सन यांचे कर्करोगाने निधन झाले.

त्यांच्या शोधाचे वैद्यकीय महत्त्व नंतर उलगडले. जठरात अल्सर घडवणारा हेलिकोबॅक्टर आणि अन्नातून विषबाधा करणारा साल्मोनेला हे जिवाणू इतरांनी सोडलेला हायड्रोजन इंधन म्हणून वापरतात. हायड्रोजनेज काढून टाकलेले हे जिवाणू उंदरांवरील प्रयोगांत दुबळे ठरले. मानवी पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत. त्यामुळे आपल्या श्वासात तो आढळला, तर तो जिवाणूंनीच बनवलेला असतो. दूध न पचणाऱ्या रुग्णांची श्वास-चाचणी याच तत्त्वावर चालते: न पचलेली दुधातील साखर मोठ्या आतड्यात पोहोचते, तेथील जिवाणू ती आंबवतात आणि तो हायड्रोजन रक्तावाटे फुप्फुसांत येतो.