सुबत्ता मोजावी कशी? कै. धनंजयराव गाडगीळ यांचें चरित्र

दूधगंगा व वेदगंगा या दोन नद्यांचीं नांवें धारण करणारा सहकारी साखर कारखाना कागल तालुक्यांत बिद्री येथें उभा आहे. त्याचें धुराडें पाहून हा मुलूख सधन झाला, असा निर्वाळा वाटसरू सहज देतो. परंतु मुलूख सधन म्हणजे त्यांतील कोण सधन? उंसाचा बागाईतदार, डोंगराकडचा जिराईत खातेदार, पेठेंतील दुकानदार, कीं कोयता घेऊन येणारा तोडणीवाला? सर्वांच्या प्राप्तीची बेरीज करून माणशीं भागाकार केला असतां जो आंकडा निघतो, तो यांपैकीं एकाच्याही घरीं सांपडावयाचा नाहीं. हा प्रश्न ज्या पुरुषानें जन्मभर हातीं धरिला, त्या कै. धनंजयराव रामचंद्र गाडगीळ यांचें चरित्र म्हणूनच आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ता. १० एप्रिल १९०१ रोजीं नाशिक येथें त्यांचा जन्म झाला. बालपण नागपुरास व उच्च शिक्षण केंब्रिज येथें झालें. हिंदुस्थानच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील त्यांचा प्रबंध १९२४ सालीं ग्रंथरूपानें निघाला. थोडा काळ सरकारी नोकरी व नंतर सुरतेस प्रिन्सिपॉलचें काम केल्यावर ते पुण्यास आले. रावबहादुर काळे यांच्या देणगीनें १९३० सालीं तेथें गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिचे पहिले संचालक गाडगीळ होत. १९६६ पर्यंत ती त्यांनींच चालविली.

दादाभाई नवरोजींनीं देशाच्या माणशीं उत्पन्नाचा हिशेब मांडून दारिद्र्याचा पुरावा जगापुढें ठेविला होताच. गाडगीळ राष्ट्राच्या बेरजेवरून घराच्या उंबरठ्यापर्यंत आले. १९३६-३७ सालीं पुणें शहरांत घरोघर पाहणी करवून त्यांनीं कुटुंबांत कमावते किती, खाणारे किती, धंदा कोणता, प्राप्ति किती याची नोंद केली. वाई तालुक्यांतील शेतीधंद्याची पाहणी १९४० सालीं प्रसिद्ध झाली. त्यांच्याच संस्थेंतील सोवनी यांनीं कोल्हापूर शहराची पाहणी केली; तिचे तीन खंड १९४८ ते १९५२ या काळांत निघाले.

गाडगीळ केवळ मोजीत बसले नाहींत. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटपटीनें प्रवरेस उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच. बिद्रीचा कारखाना त्याच वाटेनें पुढें आलेला आहे.

१९६७ सालीं ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांस मिळावयाची मध्यवर्ती मदत कोणाच्या वशिल्यानें नव्हे तर मापानें वांटावी, म्हणून १९६९ सालीं त्यांचें प्रसिद्ध सूत्र ठरलें. त्यांत १०० पैकीं ६० भाग लोकसंख्येवर, व १० भाग देशाच्या सरासरीहून कमी दरडोई उत्पन्न असलेल्या राज्यांस होते. त्याच वर्षीं त्यांच्या अभ्यासगटानें बँकांनीं जिल्हावार जबाबदारी घ्यावी अशी शिफारस केली. तींतूनच अग्रणी बँकेची योजना आली. ता. ३ मे १९७१ रोजीं दिल्लीहून पुण्यास परततांना आगगाडींतच त्यांचा अंत झाला.

त्यांच्या सूत्रांत एक उणीव आम्हांस दिसते. राज्याच्या सरासरीखालीं जिल्हा झांकला जातो, जिल्ह्याच्या सरासरीखालीं तालुका, आणि तालुक्याच्या सरासरीखालीं घर. कोल्हापूर जिल्ह्याचें दरडोई उत्पन्न सरकार छापतें. त्यावरून बिद्रीच्या आसपास कोणाच्या पदरांत काय पडलें, तें कळत नाहीं. मात्र ही उणीव भरून काढण्याची रीत गाडगीळांनींच पुण्यास घालून दिलेली आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस एवढेंच विचारतों, एकंदर उधारीची सरासरी काढून कोणी शहाणा दुकानदार निश्चिंत झोंपतो काय? तो खतावणींतील खातें खातें पाहतो. गांवानेंही तसेंच करावें. ग्रामपंचायत, शिक्षक व सहकारी संस्था यांनीं मिळून घरवार पाहणी करावी व ती दर पांच वर्षांनीं ताडून पाहावी. पुराव्यावांचून दावा टिकत नाहीं, हें कोर्टांत जितकें खरें तितकेंच गरिबांच्या न्यायाविषयींही खरें आहे.