कोसबाडच्या अनुताई

अनुताई वाघ यांचे नाव निघाले, की त्याआधी ताराबाई मोडक यांचे नाव घेण्याचा प्रघात आहे. अनुताईंना तो मान्यच होता. ताराबाईंना त्यांनी गुरू मानले आणि १९४५ पासून ताराबाईंच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, दुसरे स्थान निष्ठेने सांभाळले. अशा दुसऱ्या स्थानावरच्या माणसाचे ऋण मोजणे सोपे नसते.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य! त्या काळी अशा मुलीचे उरलेले आयुष्य बहुधा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सरत असे. अनुताईंच्या घरच्यांनी त्यांना शिकू दिले, ही गोष्ट लहान वाटली तरी पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. त्या शिक्षिका झाल्या. प्रथम चांदवडला आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले. दिवसा शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे, अशा रीतीने त्या मॅट्रिक झाल्या. पदवी तर त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर मिळवली.

१९४५ साली बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली. ताराबाईंना खेड्यात बालशिक्षणाचे केंद्र काढायचे होते. पुण्यातील स्थिर नोकरी सोडून अनुताई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. माँटेसरी पद्धतीची महाग साधने तेथे कोठून आणणार? शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने आणि खडे हीच मुलांची साधने झाली. दलित वस्तीतील मुले केंद्रात येत नाहीत, हे ध्यानात येताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन भरवण्यात आली. घरोघरची मुले गोळा करावीत, त्यांना न्हाऊ घालावे, त्यांची नखे कापावीत आणि मग गाणी-गोष्टींना आरंभ करावा, असा तो क्रम होता.

१९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आले. आता गाठ वारली मुलांशी होती. शाळेची इमारत होती, शिक्षक होते. पण मुले गुरांमागे रानात जात. काही मुलांच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुले आळशी आहेत, असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. परंतु त्या मुलांच्या कामावर घरची चूल अवलंबून होती, हे या दोघींनी ओळखले. गुरे जेथे चरत, तेथेच शिक्षक जाऊ लागले आणि कुरणशाळा सुरू झाली. कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यासाठी बालवाडी आणि थोरल्यासाठी प्राथमिक शाळा, अशी तिन्हींची सोय एकाच आवारात झाली. हीच ‘विकासवाडी’. भावंड पाळण्यात ठेवले, की थोरली बहीण वर्गात जाऊन बसू शकत असे. शिक्षणशास्त्रावरील कितीतरी ग्रंथांपेक्षा ही साधी जुळणी अधिक मोलाची वाटते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. अनुताई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. निवृत्तीच्या त्या वयात त्यांनी संस्थेचा सारा भार उचलला. डहाणूला मूकबधिर मुलांसाठी शाळाही काढली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. बोर्डीच्या अंगणात तो विचार तीस वर्षे आधी रुजला होता.

१९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; तेव्हा त्या पंचाहत्तर वर्षांच्या होत्या. कोसबाडने मात्र आपली पावती फार आधी दिली होती. कामावर जाण्यापूर्वी आया आपली तान्ही मुले त्यांच्या पाळणाघरात ठेवून जात. स्वतःची हकीकत लिहितानाही त्यांनी पुस्तकाला नाव दिले ते टेकडीचे: ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचे निधन झाले.