फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्त

फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्त (इ.स. १८६२ – इ.स. १९३१) हे स्वीडिश यंत्रकारागीर, संशोधक व उद्योजक होते. हवेच्या दाबावर चालणारा, काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह त्यांनी इ.स. १८९२ मध्ये तयार केला. महाराष्ट्रात हा स्टोव्ह 'प्रायमस' या नावाने परिचित आहे.

संशोधन

लिंडक्विस्त स्टॉकहोम येथील एका कारखान्यात यांत्रिक कारागीर होते. त्या काळातील रॉकेलचे स्टोव्ह वातीचे असत व त्यांच्या धुराने भांडी काळी होत. धातूच्या जोडकामासाठी लागणारा ब्लोलॅम्प मात्र स्वीडनमध्ये आधीच प्रचारात होता. त्याचा झोत आडवा न ठेवता वर वळवणे, हे लिंडक्विस्त यांच्या रचनेचे मर्म होय. टाकीत पंपाने हवा भरली की रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि बारीक छिद्रातून वेगाने निघालेली ही वाफ हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. बर्नर आधी तापवण्यासाठी त्याखालच्या वाटीत थोडे स्पिरिट पेटवावे लागते. छिद्र चोंदले की पिन मारावी लागते. ही कटकट शंभर वर्षांत कुणालाही पूर्णपणे टाळता आली नाही.

ब्लोलॅम्पचे निर्माते कार्ल रिचर्ड न्युबेर्य यांनीही त्याच सुमारास असाच स्टोव्ह बनवण्यास आरंभ केला. त्यामुळे शोधाचे सर्व श्रेय एकट्या लिंडक्विस्त यांना देणे योग्य ठरत नाही.

उद्योग

लिंडक्विस्त यांनी योहान व्हिक्टर स्वेन्सन यांच्या भागीदारीत कारखाना काढला. विक्रीचे हक्क बी. ए. योर्त आणि कंपनीकडे गेले व इ.स. १९१८ मध्ये संपूर्ण व्यवसायच या कंपनीने ताब्यात घेतला. रोआल्ड आमुन्सेन यांची दक्षिण ध्रुवाची मोहीम (इ.स. १९११) आणि एव्हरेस्टवरील इ.स. १९२४ व इ.स. १९५३ च्या मोहिमा यांत हेच स्टोव्ह होते. बर्फ वितळवल्याखेरीज तेथे प्यायला पाणी मिळत नसल्याने स्टोव्ह बंद पडणे म्हणजे जिवावरचा प्रसंग असे.

नावाचा उच्चार

'प्रिमुस' हा 'पहिला' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. स्वीडिश भाषेत त्याचा उच्चार 'प्रीमुस'च्या जवळ जातो. मराठीत इंग्रजीच्या वाटेने 'प्रायमस' रूढ झाले. 'स्वेआ' आणि 'ऑप्टिमुस' या स्वीडिश स्टोव्हांच्या नावांविषयीही जुने स्टोव्ह जमवणाऱ्या हौशी मंडळींत असाच वाद चालतो. न्युबेर्य यांचे आडनाव लिपीप्रमाणे 'न्युबर्ग' असे वाचले जाते, परंतु स्वीडिशमध्ये अखेरच्या 'ग'चा 'य' होतो. 'प्रायमस' हा उच्चार चुकीचा मानण्याचे मात्र कारण नाही. 'रॉक ऑइल'चे 'रॉकेल' आणि 'गॅसलाइट'चे 'घासलेट' करणाऱ्या भाषेत तो आता मराठीच झाला आहे.

महाराष्ट्रातील वापर

विसाव्या शतकात मुंबईतील चाळींपासून बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावांपर्यंत पंपाचा स्टोव्ह पोचला. शिधापत्रिकेवरील रॉकेलच्या रांगा आणि भल्या पहाटे चहासाठी पेटलेल्या स्टोव्हचा भर्र आवाज, या दोन्ही गोष्टी त्या काळच्या संसाराचा भाग होत्या. चुलीच्या धुरातून स्त्रियांची काही अंशी सुटका झाली.

या स्टोव्हची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. स्टोव्हचे अपघात खरोखर होत असत; मात्र सासरी जाळून मारलेल्या विवाहितेच्या मृत्यूची नोंदही अनेकदा स्टोव्हचा भडका उडाल्याची केली जाई. अशा मृत्यूंविरुद्ध स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर भारतीय दंड संहितेत इ.स. १९८३ मध्ये कलम ४९८-अ व इ.स. १९८६ मध्ये हुंडाबळीविषयीचे कलम ३०४-ब समाविष्ट झाले. विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या मृत्यूच्या बाबतीत, तो भाजल्याने झालेला असो वा अन्य अनैसर्गिक कारणाने, हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसून आल्यास हे दुसरे कलम लागू होई.