बोरीबंदरचा वास्तुशिल्पी

तिरोड्यावरून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठणारा प्रवासी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर येतो, तेव्हा दादाभाई नौरोजी मार्ग त्याच्यासमोर असतो. हाच पूर्वीचा हॉर्नबी रोड. त्याच्या तोंडाशी आमनेसामने उभ्या असलेल्या टर्मिनस आणि महापालिका मुख्यालय या दोन्ही वास्तू एकाच माणसाच्या प्रतिभेतून साकारल्या. त्यांचे नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स.

इंग्लंडमधील बाथ येथे १८४७ मध्ये त्यांचा जन्म झाला. १८६७ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. त्या दशकात पॅरिसमध्ये बॅरन ओस्मान जुन्या वस्त्या पाडून रुंद राजमार्ग आखत होते, तर मुंबईत गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडून शहराला मोकळा श्वास दिला होता. या मोकळ्या जागेला चेहरा देण्याचे काम तरुण स्टीव्हन्स यांच्या वाट्याला आले.

१८७६ मध्ये पूर्ण झालेल्या खलाशांच्या निवासगृहाने त्यांना लौकिक मिळवून दिला. आज तेथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. त्यानंतर बोरीबंदरचे काम त्यांच्याकडे आले. युरोपातील स्थानके अभ्यासून त्यांनी आराखडा सिद्ध केला. १८७८ मध्ये सुरू झालेले बांधकाम दहा वर्षे चालले. खर्च १६ लाखांवर गेला. सीताराम खंडेराव हे त्यांचे सहायक अभियंता होते, तर कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. गॉथिक शैलीला भारतीय हातांनी दिलेले हे रूप होते.

हे काम चालू असतानाच, १८८४ मध्ये, स्टीव्हन्स यांनी सुरक्षित सरकारी नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. हे धाडस सार्थ ठरले. महापालिका मुख्यालयासाठी रॉबर्ट चिझम यांच्या आराखड्याऐवजी त्यांचा आराखडा स्वीकारला गेला आणि १८९३ मध्ये ती इमारत अंदाजापेक्षा कमी खर्चात पूर्ण झाली. १८९९ मध्ये चर्चगेटजवळील रेल्वे मुख्यालयही उभे राहिले.

मात्र हे यश फार काळ उपभोगणे त्यांच्या नशिबी नव्हते. ५ मार्च १९०० रोजी मलेरियाने मुंबईतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. शिवडीच्या दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. २००४ मध्ये युनेस्कोने टर्मिनसला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. जन्मभूमी सोडून आलेल्या या परदेशी माणसाने उभारलेली वास्तू आज मुंबईची ओळख बनली आहे.