अधू डोळ्यांनी फुलविलेली बाग

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक बाग केली. तिला ना माती लागली, ना शेणखत. ‘द सिम्स ४’ या संगणकावरील खेळाला २०२१ साली एक पुरवणी निघाली. इंग्रजी खेड्याच्या धर्तीवरचे एक गावच तीत आहे. त्या गावात एक बसके घर घेऊन मी त्याच्या चहूबाजूंना मिळतील तेवढी फुले लावली. ताईने पडद्याकडे पाहिले आणि हा तर दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा फुलबाजार दिसतो, असे सांगून ती निघून गेली. मला राग आला. पण पाहता पाहता तिचे म्हणणे पटले.

त्याच सुट्टीत माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला आणि डॉक्टरांनी पडदा व बारीक काम दोन्ही कमी करायला सांगितले. मला चित्रे काढण्याचा नाद आहे. तोही सुटणार की काय, या धास्तीत असतानाच बागांविषयी वाचता वाचता गर्ट्रूड जीकल या बाईंची गाठ पडली. ‘डॉ. जेकिल’ ही कादंबरीतील असामी आपल्या परिचयाची आहे. तिच्या लेखकाने ते आडनाव उचलले ते याच घराण्याचे. बाईंचा धाकटा भाऊ वॉल्टर हा त्याचा मित्र होता. घरात मात्र उच्चार ‘जीकल’ असा होई.

बाईंचा जन्म २९ नोव्हेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये एका सधन कुटुंबात झाला. १८४८ साली हे कुटुंब सरे परगण्यातील ब्रॅम्ली येथे राहावयास गेले. तिथल्या पायवाटा, कुंपणे, मजुरांची कौलारू घरे यांत त्यांचे बालपण गेले. १८६१ साली त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेत दाखल झाल्या. घरंदाज मुलीने शाळेत जाऊन रीतसर चित्रकला शिकावी, ही तेव्हा नित्याची गोष्ट नव्हती. टर्नरच्या चित्रांसमोर बसून त्यांनी त्यांच्या नकला केल्या, ग्रीस-तुर्कस्तानचा प्रवास केला. भरतकाम, चांदीकाम, लाकडावरील कोरीवकाम सारे हाताखालून घातले.

पण डोळे जन्माचेच अधू. १८९१ साली जर्मनीतील वीसबाडेन येथे एका नामांकित नेत्रवैद्याला त्यांनी डोळे दाखविले. दृष्टी सुधारणे शक्य नाही. उरली आहे ती टिकवायची तर चित्रकला आणि भरतकाम सोडा, असा त्याने सल्ला दिला. बाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. ज्या कामावर उमेदीची तीस वर्षे घालविली, ते एका भेटीत हातून गेले. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

बाग काही त्यांना त्या दिवशी नव्याने सुचली नाही. सरेमधील मन्स्टेड येथे पंधरा एकर जागा घेऊन त्या आधीपासूनच तीत रमल्या होत्या. आता मात्र रंगाचे सारे ज्ञान त्यांनी त्या मातीत ओतले. त्या काळी बड्या लोकांच्या बागांत काचघरात वाढविलेली रोपे गालिच्याच्या नक्षीसारखी आखून लावीत. उलट मजुरांच्या घरापुढे कोबी, औषधी पाला, गुलखैरा, गुलाब, पॅन्सी सगळे एकत्र नांदत असे. आपल्याकडे परसात अळू, कढीपत्ता, मोगरा आणि झेंडू नांदतात तसे. बाईंनी या गरिबांच्या अंगणातून झाडे आणली आणि दृष्टीही घेतली. १९०४ साली त्यांनी त्या जुन्या ग्रामजीवनावर स्वतः काढलेल्या छायाचित्रांसह एक ग्रंथही लिहिला.

त्यांचा मुख्य ताटवा सुमारे दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद होता. दोन्ही टोकांना निळी, पांढरी, फिकट पिवळी फुले आणि राखी पाने. तिथून गडद पिवळा, नारिंगी असे चढत जाऊन मध्यभागी लाल डेलिया आणि आपली ओळखीची कर्दळ! झाडे चौकोनात न लावता ती लांबट, तिरप्या पट्ट्यांत लावायची, म्हणजे एक रंग दुसऱ्यात सहज मिसळतो. पॉपीचा बहर ओसरून जागा उघडी पडली की शेजारची जिप्सोफिला पसरून ती झाकणार, हा हिशेब लागवडीतच केलेला. बारीक तपशील पुसट दिसणाऱ्या डोळ्यांना रंगांचे मोठे पुंजके अधिक स्पष्ट जाणवत असावेत, असे मला वाटते. माझ्या बागेत काय चुकले होते, तेही इथे कळले.

१८८९ साली त्यांची एडविन लट्यन्स या वीस वर्षांच्या वास्तुशिल्पज्ञाशी ओळख झाली. पुढे नवी दिल्ली आणि तेथील राष्ट्रपती भवन उभारणारे लट्यन्स ते हेच. मन्स्टेड वुड हे बाईंचे घर त्यांनीच बांधले. दोघांनी मिळून अनेक बागा घडविल्या. बाईंनी एकूण सुमारे चारशे बागांचे आराखडे केले. उतारवयात प्रवास झेपेना, तेव्हा जागेचे नकाशे आणि मातीचे नमुने टपालाने मागवून, जागा न पाहताच त्या लागवड आखून देत. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या फ्रान्समधील काही दफनभूमींची लागवडही त्यांनीच आखली.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. बाई श्रीमंत होत्या, हाताखाली माळी होते. ज्या गरीब बायकांच्या अंगणातून ही कला आली, त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. पण बाई नुसत्या हुकूम सोडणाऱ्या नव्हत्या. १९२० साली विल्यम निकल्सन हा चित्रकार त्यांचे चित्र काढायला आला, तेव्हा दिवसाउजेडी बसून राहायला त्या तयार होईनात. मग त्याने मधल्या वेळात त्यांच्या झिजलेल्या बुटांचेच चित्र काढले! ८ डिसेंबर १९३२ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी त्या वारल्या. बझब्रिजच्या चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे; चित्रकार, बागकार आणि कारागीर अशी त्यांची ओळख त्या दगडावर कोरली आहे. त्यांचे मन्स्टेड वुड २०२३ साली इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने घेतले.

खेळातली बाग मी उपटून पुन्हा लावली. ताईने या वेळी नाव ठेवले नाही. मग आलेखाच्या कागदावर आजीच्या परसाचा नकाशा काढला आणि कोणत्या महिन्यात काय फुलते, माती कशी आहे, हे आजीला फोनवर विचारू लागले. आजीने सगळे नीट सांगितले आणि शेवटी पाणी कोण घालणार, एवढेच विचारले. येत्या सुट्टीत मी तिकडे जाणार आहे.