इन्फ्लुएन्झाच्या लशीचे शिल्पकार डॉ. थॉमस फ्रान्सिस

वृद्धाश्रमांतील रहिवाशांना हिवाळ्यापूर्वी इन्फ्लुएन्झाची लस टोचण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रुळली आहे. या लशीचा पाया घालणाऱ्यांत डॉ. थॉमस फ्रान्सिस अग्रणी होते. पोलिओच्या लशीमुळे घरोघरी पोहोचलेले जोनास साल्क हे त्यांचेच शिष्य; शिष्याच्या कीर्तीपुढे गुरूचे नाव मागे पडले.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९०० साली जन्मलेल्या फ्रान्सिस यांनी १९४० मध्ये इन्फ्लुएन्झाचा ‘बी’ विषाणू वेगळा केला. पुढील वर्षी ते मिशिगन विद्यापीठात आले. युद्धकाळात अमेरिकी सैन्याला १९१८ च्या साथीची धास्ती होती. कोंबडीच्या अंड्यात वाढवून निष्क्रिय केलेल्या विषाणूंची लस त्यांनी व साल्क यांनी सिद्ध केली. १९४२ मध्ये तिची चाचणी सुरू झाली, ती यप्सिलँटी येथील मनोरुग्णालयात. लस टोचलेल्या व न टोचलेल्या रुग्णांच्या नाकात काही महिन्यांनी जिवंत विषाणू फवारण्यात आला. लस गुणकारी ठरली; पण त्यांतील काही वृद्ध, जर्जर रुग्ण आपल्याला काय होते आहे, हे सांगण्याच्याही स्थितीत नव्हते. आजच्या वैद्यकीय नीतीच्या कसोटीला हा प्रयोग उतरत नाही, हे नमूद करावेच लागेल.

१९४५ मध्ये लशीला मान्यता मिळाली. १९४७ मध्ये मात्र विषाणूने रूप पालटले आणि तीच लस निष्प्रभ ठरली. लस वारंवार बदलावी लागते, हे तेव्हा ध्यानी आले. १९६० मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने ६५ वर्षांवरील नागरिकांना दरवर्षी लस देण्याची शिफारस केली. फ्रान्सिस यांचे १९६९ मध्ये ॲन आर्बर येथे निधन झाले.