ताराबाई मोडक : शंख-शिंपल्यांतून शाळा उभी करणाऱ्या बाई

मॉन्टेसरी म्हटलं की आपल्या कोकणातल्या पालकांना इंग्रजी माध्यम, मोठी फी आणि महागडी खेळणी आठवतात. पण ही पद्धत जन्मली ती गरिबांच्या मुलांसाठी. १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या कामगार वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिलं बालगृह उघडलं. महाराष्ट्रात ही पद्धत पुन्हा गरिबाच्या दारात नेली ती ताराबाई मोडक यांनी. आपल्या समाजातल्या नव्या पिढीला त्यांची ओळख व्हावी, म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पदरात लहान मुलगी. रडत न बसता त्यांनी राजकोटच्या महिला ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपद सांभाळलं. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभं राहिलं.

मॉन्टेसरी पद्धतीचं मर्म साधं आहे. आधी हाताला कळतं, मग डोक्याला. एक मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची कांडी म्हणजे दशक, शंभराचा चौरस, हजाराचा घन. मूल हजार ही संख्या हातात धरून बघतं. खरखरीत अक्षरावरून बोट फिरवलं की अक्षराचं वळण बोटात बसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. मॉन्टेसरी भारतातच होत्या. तेव्हा कोडाईकनालला त्यांनी सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हेच काम विज्ञान, भूगोल, इतिहासापर्यंत वाढवलं.

पण हे साहित्य महाग. खेड्यातल्या शाळेने ते आणायचं कुठून? १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ सोबतीला आल्या. तिथे शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, माती, बांबू हेच शिक्षणाचं साहित्य झालं. पद्धत तीच, वस्तू मात्र गावच्या.

मुलं शाळेत येईनात, तेव्हा बाईंनी वस्तीतल्या अंगणातच शाळा भरवली. तीच अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेलं. तिथली मुलं गुरं राखायची, धाकट्या भावंडांना सांभाळायची. म्हणून गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे भावंडापायी थोरल्या बहिणीची शाळा बुडायला नको. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं.

आम्ही हे शिरोड्यातून लिहितोय. वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं याच गावात मास्तरकी केली. शिक्षणाची कदर इथे नवी नाही. आणि साहित्य तर पायाशी पडलंय. काजूच्या बियांच्या दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधल्या की दशक झालं. नारळाच्या करवंट्यांनी मापं शिकवता येतात. मिठागरात पाणी आटून मीठ कसं उरतं, हा विज्ञानाचा अख्खा धडा आहे. वाळूत बोटाने अलिफही गिरवता येतो आणि अ सुद्धा.

आपल्या मोहल्ल्यांत आजही घरकामामुळे किंवा धाकट्या भावंडामुळे मुली वर्ग चुकवतात. पहाडे पाठ असूनही मुलांना हिशेब जमत नाही. पैसा नाही, हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. ताराबाईंकडेही पैसा कमीच होता. मोहल्ला कमिटीने आठवड्यातून एक दुपार आणि एक खोली दिली, शिकलेल्या दोन मुली पुढे आल्या, तर सुरुवात होऊ शकते. शिंपले वेचायला मुलं स्वतःच धावतील.